डोंबिवली सोडून नाशिक: काय मिळालं, काय सुटलं

डोंबिवली-ठाण्याकडच्या ओळखीच्या मंडळींकडून हल्ली सारखा एकच प्रश्न येतो, "काय गं, नाशिक कसंय? आम्हीपण यायचं म्हणतोय." कुणाला रिटायरमेंटनंतर यायचंय, कुणाचं वर्क फ्रॉम होम आहे, कुणाला लोकलचा कंटाळा आलाय. आता माझा मावसभाऊ आणि वहिनी दोघं अगदी सिरीयसली जागा बघायला लागलेत, त्यामुळे फोनवर तुकड्यातुकड्यात सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. आम्ही डोंबिवली सोडून इथे आलो, रमलो, परत जायचा विचार नाही, तरीपण मी कुणालाही डोळे झाकून "या" असं म्हणत नाही.

आधी डोक्यातलं चित्र. लोकांना वाटतं नाशिक म्हणजे डोंगरांच्या मधलं छोटंसं शहर, थंड हवा, द्राक्षाचे मळे, संध्याकाळी गंगेवर, म्हणजे इथल्या गोदावरीवर, आरती. हे सगळं आहे, खोटं काहीच नाही. पण २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या १५ लाखांच्या घरात गेली होती, आणि त्यानंतर ते कसं वाढलंय ते पाथर्डी फाट्यापासून म्हसरूळपर्यंत एक चक्कर मारली की कळतं, जिकडे बघावं तिकडे टॉवर. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, म्हणजे माथेरान-महाबळेश्वरसारखं हिल स्टेशन नाही, डोंगर आजूबाजूला आहेत आणि शहर मधल्या पठारावर पसरलंय. गच्चीवर गेलं की एका बाजूला पांडवलेणीचा डोंगर, दुसरीकडे चामरलेणी, रामशेज, आणि हवा स्वच्छ असली की लांबवर त्र्यंबकची रांग. हे रोज दिसतं, आणि मी डोंबिवलीत समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या बघत मोठी झालेली बाई आहे, त्यामुळे ह्याची किंमत मला कळते.

पण माझं स्पष्ट मत आहे की नाशिकला यायचं की नाही हे हवेवर ठरवू नका, कामावर ठरवा.

आमचं जमलं कारण आमच्या ह्यांना अंबड एमआयडीसीत नोकरी मिळाली, मेकॅनिकलवाल्यांना इथे स्कोप आहे. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे हा सगळा पट्टा कारखान्यांचा आहे, बॉश, महिंद्रा, सिएट, एबीबी आणि त्यांना माल पुरवणारे असंख्य छोटे वर्कशॉपवाले. ओझरला एचएएल, तिथे लढाऊ विमानं बनली. नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस आणि नोटांचा छापखाना, त्यातली सिक्युरिटी प्रेस १९२५ ची आहे, नाशिकरोडच्या जुन्या घरांमध्ये "आजोबा प्रेसमध्ये होते" हे अजून ऐकायला मिळतं. शिवाय आरोग्य विद्यापीठ, मुक्त विद्यापीठ, पोलीस अकादमी, देवळालीला तोफखान्याचं केंद्र. म्हणजे नोकऱ्या नाहीत असं अजिबात नाही. पण आयटी, मीडिया, फायनान्स, कॉर्पोरेट, जाहिरात, ह्या लाईनमध्ये असाल तर इथे पर्याय मोजकेच आहेत आणि पगार मुंबई-पुण्याच्या मानाने कमी. आमच्या बिल्डिंगमधल्या बहुतेक घरांतली इंजिनियर झालेली पोरं पुण्याला आहेत, शनिवारी रात्री बॅग घेऊन येतात आणि रविवारी संध्याकाळी डबा घेऊन परत जातात. ज्या आईवडिलांनी नाशिक नाशिक करत इथे बंगला बांधला त्यांची मुलं हिंजवडीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

ह्यातही एक गोष्ट आहे जी कुणी बोलत नाही, ती मला ठासून सांगायचीय. नवरा-बायको दोघं कमावणारे असतील तर इथे येताना बहुतेक वेळा एकाचंच जमतं, आणि जे राहून जातं ते बाईचं. नवऱ्याची नोकरी आधी ठरते, घर त्याच्या कंपनीच्या जवळ बघतात, शाळा ठरते, आणि मग "तुझं बघू नंतर". ते नंतर येत नाही. माझ्या ओळखीत मुंबईत चांगल्या पोस्टवर असलेल्या बायका इथे येऊन घरी बसल्यात, हुशार, पंधरा-पंधरा वर्षं काम केलेल्या बायका. मी अकाउंट्स आणि जीएसटीची कामं करते, क्लायंट ठाण्या-मुंबईचे आणि काम लॅपटॉपवर, म्हणून माझं टिकलं, नाहीतर माझंही तेच झालं असतं. वहिनी एचआरमध्ये आहे, म्हणून मी भावाला पहिल्याच फोनला सांगितलं, फ्लॅट नंतर बघू, आधी तिचे इंटरव्ह्यू.

मग लोक म्हणतात, अगं मुंबई काय लांब आहे, पंचवटीने अप-डाऊन करू. तर ह्याबद्दल जरा सविस्तर.

पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून चालू आहे, मनमाडहून निघते, सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोडला येते आणि पावणेअकराच्या आसपास सीएसएमटीला पोचते. संध्याकाळी सव्वासहाच्या आसपास तिकडून निघते आणि नाशिकरोडला यायला पावणेदहा वगैरे होतात. हे वेळेवर असेल तर. आता ह्यात घरापासून स्टेशन धरा, नाशिकरोड स्टेशन गावापासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे, गंगापूर रोडला राहत असाल तर त्याहून जास्त, म्हणजे सकाळी सहाच्या आधी आंघोळ वगैरे आवरून घराबाहेर आणि रात्री साडेदहाला जेवण. असं वर्षानुवर्षं करणारी माणसं आहेत, पासधारकांचं त्या गाडीत एक अख्खं कुटुंब आहे, वाढदिवस, दसऱ्याची गाडीची पूजा, एकमेकांच्या मुलांची लग्नं जमवणं, सगळं तिथे होतं. पासधारकांनी स्वतःचे नियम करून चालवलेला शांत, स्वच्छ आदर्श कोच त्याच गाडीतला. त्या लोकांबद्दल मला प्रचंड आदर आहे. पण त्यांच्याशी बोला, ते स्वतःच सांगतात की पोरं कधी मोठी झाली कळलं नाही. लोकलचा त्रास नको म्हणून नाशिकला यायचं आणि रोज सात-आठ तास गाडीत काढायचे ह्याला काय अर्थ आहे.

आणि घाट. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा टप्पा १८६५ साली सुरू झाला, चढ इतका कडक आहे, ३७ फुटांत एक फूट, की वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिन लावावं लागतं. पावसाळ्यात दरड आली, रुळाखालची माती सरकली, मालगाडी अडकली की सगळं ठप्प, मग कल्याणला उतरून कसारा लोकल पकडा, तिथून शेअर टॅक्सी बघा. कसाऱ्याची टॅक्सी हा आम्हा सगळ्यांचा इमर्जन्सी रस्ता आहे, चारच्या जागी जास्त माणसं कोंबतात आणि घाटात धुकं असलं की जीव मुठीत धरून बसायचं.

रोडने आता फरक पडलाय हे मान्य. जून २०२५ मध्ये समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला, जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसारा घाट टळतो आणि आमण्यापर्यंत गाडी भन्नाट येते. पण आमणे म्हणजे भिवंडी, ठाणे नाही, पुढे तेच ट्रॅफिक आणि ट्रकच्या रांगा, त्यामुळे "दोन तासात मुंबई" हे बिल्डरच्या जाहिरातीत ठीक आहे, तुम्हाला मुंबईत कुठे जायचंय त्यावर सगळं आहे. महिन्यातून दोन-तीनदा जाणं असेल तर काहीच प्रॉब्लेम नाही, मी आरामात करते, पहाटे निघते, क्लायंटची कामं उरकते, डोंबिवलीला आईकडे राहते आणि दुसऱ्या दिवशी परत. रोजचं असेल तर कृपा करून नको.

पुण्याचं तर अजून वाईट. रस्ता सव्वादोनशे किलोमीटरच्या आत आहे, पण नारायणगाव-राजगुरुनगर-चाकण करत जाताना पाच तास कुठेच जात नाहीत, आणि दोन्ही शहरांमध्ये थेट रेल्वेमार्ग नाही, ट्रेनने जायचं तर कल्याणवरून वळसा. नाशिक-पुणे रेल्वेचं किती वर्षं ऐकतोय, मार्ग कुठून न्यायचा, संगमनेर-नारायणगाववरून की दुसरीकडून, वाटेतल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणींचा प्रश्न, हे वाद अजून चाललेत. ओझरला विमानतळ आहे, मोजक्या शहरांना विमानं जातात, दिल्लीला काम असणाऱ्यांची सोय झाली.

आता चांगलं सांगते, कारण चांगलं खूप आहे.

सगळ्यात मोठं म्हणजे वेळ. हे कामावरून पावणेसहाला निघतात आणि सव्वासहाला घरी असतात. डोंबिवलीला असताना मुलगी झोपल्यावर बाप घरी यायचा आणि उठायच्या आधी निघायचा, आता रोज संध्याकाळी दोघं सायकल घेऊन बाहेर पडतात, कधी पाढे घेतो, कधी नुसतीच भांडतात. तिला आता बाबाचे सगळे विनोद पाठ झालेत. ह्या एका गोष्टीसाठी मी बाकीचं बरंच सहन करायला तयार आहे.

हवा. पाऊस मुंबईसारखा झोडपत नाही, शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, आणि पन्नास किलोमीटरच्या आत इगतपुरीला मात्र ३००० च्या वर. म्हणजे छत्री घेऊन आरामात फिरायचं, आणि खरा पाऊस बघायची हुक्की आली की गाडी काढून घोटी-इगतपुरी किंवा त्र्यंबकला जायचं. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, निफाडला तर पाचच्या खाली, तेव्हा शेतकरी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. मुंबईहून येणाऱ्यांनी खऱ्याखुऱ्या रजया आणि मुलांना दोन-दोन स्वेटर घ्या, ती थंडी हाडात शिरते. पण एप्रिल-मे! हे कुणी सांगत नाही. चाळिशी ओलांडते, कोरडं ऊन, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. घाम येत नाही आणि रात्री बरं वाटतं हे खरं, पण "नाशिकला एसी लागत नाही" हे जुनं झालं, आता लागतो. आणि शुद्ध हवेचं म्हणाल तर केंद्राच्या शुद्ध हवा कार्यक्रमात प्रदूषण कमी करायला सांगितलेल्या शहरांच्या यादीत नाशिकचंही नाव आहे. बांधकामांची धूळ, उखडलेले रस्ते, एमआयडीसी, ह्यातून हवा मुंबईपेक्षा बरी आहे इतकंच मी म्हणेन, सकाळी मात्र खरंच छान असते.

पाणी. इथे नदी आहे, गंगापूर धरण शहराच्या उशाशी आहे, दारणा, मुकणे, काश्यपी आहेत, त्यामुळे लोकांना वाटतं नाशिकला पाण्याची काय चिंता. पण आमच्या धरणांकडे खाली मराठवाडाही डोळे लावून बसलेला असतो, समन्यायी वाटपाचा २००५ चा कायदा आहे, जायकवाडीत पाणी कमी असलं की वरच्या धरणांतून सोडावं लागतं आणि दर काही वर्षांनी त्यावरून कोर्टकचेऱ्या आणि आंदोलनं होतात. मला दोन्ही बाजू पटतात, पैठणच्या खालच्या माणसाला पण तहान आहे. पण पाऊस ओढ द्यायला लागला की शहरात पाणीकपातीची चर्चा सुरू होते हे धरून चला. २०१६ साली काय झालं माहितीये, उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असा पूर आला की गंगेवरची देवळं पाण्याखाली. एकाच वर्षात दोन्ही! इथे पूर मोजायची पद्धत पण मला फार आवडते, पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं लोक एकमेकांना फोन करून सांगतात. सराफ बाजारात पाणी शिरलं की मग मोठा पूर. त्यामुळे घर घेताना नदीकाठचं रम्य वगैरे बघून भुलू नका, जुन्या माणसाला विचारा की २००८ ला आणि २०१६ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, आणि सोसायटीत नळाचं पाणी किती आणि टँकर-बोअर किती ते पण विचारा, नवीन वाढलेल्या भागांमध्ये हा प्रश्न आहे.

डोंगरांबद्दल मी कितीही लिहू शकते. पांडवलेणीच्या पायऱ्या तर लोक रोज सकाळी व्यायाम म्हणून चढतात, वर दोन हजार वर्षांपूर्वीची २४ लेणी, सातवाहनांचे आणि नहपानाचे शिलालेख, आणि शेजारी आजोबा लोक सूर्यनमस्कार घालतायत. रविवारी रामशेज, किल्ला छोटाच पण मुघलांना ह्याने वर्षानुवर्षं झुंजवलं. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर हे एका दिवसात होतात, जरा तयारी असेल तर बागलाणात साल्हेर, १५६७ मीटर, कळसूबाईनंतर राज्यात दुसरा, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या किल्ल्यांपैकी एक. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ते. माझी मुलगी सात-आठ पक्षी आवाजावरून ओळखते, डोंबिवलीत तिला कावळा, कबुतर आणि चिमणी एवढंच माहीत होतं.

पण हेच डोंगर कापले जातायत आणि त्याचा आपल्याशी, म्हणजे नव्याने येणाऱ्यांशी, थेट संबंध आहे. आपण फ्लॅट घेतो, त्याची खडी कुठून येते? शहराच्या आजूबाजूच्या टेकड्या अर्ध्या खणून झाल्यात, महामार्गाने जाताना डोळ्यांनी दिसतं. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याला सुरुंग लावून खोदकाम चालल्यावरून किती आरडाओरडा करावा लागला, जिथून गोदावरी उगम पावते तो डोंगर! अंजनेरीवर गाडीरस्ता न्यायचा घाट घातला होता, जिथे गिधाडं घरटी करतात आणि जिथल्या कंदीलपुष्पाच्या एका जातीला अंजनेरीचंच नाव आहे, तिथे. २०२५ च्या शेवटी तपोवनातली झाडं कुंभाच्या साधुग्रामसाठी तोडायचा विषय निघाला तेव्हा लोक रस्त्यावर आले, मी पण मुलीला घेऊन गेले होते. तिथे एक मावशी भेटल्या, जन्म पंचवटीतला, त्या म्हणाल्या तुम्ही बाहेरून आलेले लोक नुसते सेल्फी काढता आणि निघून जाता, तुम्ही आलात ते बरं केलं. मला ते शब्द लागले पण आणि बरं पण वाटलं.

बिबट्याचं पण ह्यातलंच आहे. गंगापूर रोड, सातपूरकडच्या वस्त्यांमध्ये बिबट्या येणं ही आता नवलाची बातमी राहिली नाही, मळे आणि ऊस शहराला चिकटून आहेत आणि आपण त्यांच्या रस्त्यात बिल्डिंगी बांधल्यात. देवळालीकडच्या आणि मळ्यांच्या बाजूच्या भागात संध्याकाळनंतर लहान मुलांना एकटं सोडायचं नाही, कुत्री अचानक भुंकायला लागली की आत या, हे नवीन येणाऱ्यांनी शिकून घ्या.

गावातली मजा वेगळीच. गाव म्हणजे जुनं नाशिक, मेनरोड, भद्रकाली, रविवार कारंजा, पलीकडे पंचवटी. बुधवारी गंगेवर बाजार भरतो, सासूबाई पिशव्या घेऊन निघतात आणि येताना कपालेश्वराला जाऊन येतात, महादेवाचं देऊळ पण समोर नंदी नाही. काळाराम मंदिरासमोरून जाताना मी मुलीला १९३० चा सत्याग्रह सांगते, डॉ. बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ह्याच दरवाजासमोर किती काळ लढा दिला ते, तिला पुस्तकातलं आणि डोळ्यासमोरचं जोडता येतं. रंगपंचमीला रहाडी उघडतात, पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, वर्षभर रस्त्याखाली झाकलेले असतात, त्यावरून गाड्या जातात आणि कुणाला पत्ता नसतो, मग पूजा करून उघडायचे, रंगाचं पाणी भरायचं आणि वरून धप्पा मारायचा, पाणी उडून गच्चीवरच्या लोकांपर्यंत जातं. मी मुंबईत वाढले, असं काही आयुष्यात बघितलं नव्हतं. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिची शंभरी होऊन गेली, फुकट, येऊन बसायचं आणि ऐकायचं. सार्वजनिक वाचनालय १८४० चं. नाटकं कालिदास नाट्यगृहात येतात, मुंबईएवढी नाही पण बरी येतात. कुणी विचारलं करमणुकीचं काय तर हे आहे, मॉल पण आहेत पण रात्री अकरानंतर शहर झोपतं.

मिसळीवर वाद घालणार नाही, प्रत्येकाची आपली जागा ठरलेली असते, रविवारी सकाळी तिथे अख्खी कुटुंबं येऊन पापड आणि दह्यासकट बसतात. द्राक्षाच्या सीझनमध्ये मळ्यातून थेट पेट्या येतात. पण फेब्रुवारीत अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली की आमच्या दूधवाल्या दादांचा चेहरा बघवत नाही, त्यांची बाग आहे दिंडोरीकडे, वर्षभराचं औषध, मजुरी, कर्ज सगळं एका रात्रीत. इथे राहायला लागल्यापासून मी पाऊस पडला की "वॉव काय वेदर आहे" म्हणायचं बंद केलं.

शहरातल्या शहरात फिरायला मात्र स्वतःची गाडी पाहिजेच. रिक्षावाले मीटरने येत नाहीत, भाव ठरवावा लागतो, शेअर रिक्षा ठराविक रस्त्यांवर. सिटीलिंकच्या बस २०२१ पासून चालू झाल्या, चांगल्या आहेत, पण कर्मचाऱ्यांचे पगार अडकले की संप होतात आणि सगळ्या कॉलन्यांत पोचत नाहीत. मेट्रो निओची २०२१ च्या बजेटमध्ये घोषणा झाली होती, ती अजून कुठे दिसत नाही. त्यामुळे सासूबाईंच्या वयाच्या माणसांचं फिरणं दुसऱ्यावर अवलंबून राहतं, डोंबिवलीत त्या एकट्या सगळीकडे जायच्या, इथे मला नाहीतर ह्यांना सोडायला लागतं, आणि त्यांना ते आवडत नाही. आईवडिलांना घेऊन येणाऱ्यांनी हे आधी बघा, बस स्टॉप, देऊळ, डॉक्टर, किराणा चालत जाण्याइतकं जवळ पाहिजे. द्वारका आणि मुंबई नाक्याचं ट्रॅफिक वेगळं सांगायला नको. शाळा आणि हॉस्पिटलं चांगली आहेत, त्याची काळजी नको, एखाद्या अगदी खास सर्जरीसाठी लोक अजून मुंबईला जातात एवढंच.

आणि २०२७ चा कुंभ. त्याच्या तयारीत रस्ते, पूल, ड्रेनेज सगळीकडे खोदकाम, धूळ आणि डायव्हर्जन. कामं झाली की शहराचा फायदाच आहे, पण पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानांच्या, दिवसांत पंचवटी आणि त्र्यंबक रोड भागातल्या लोकांना घरातून बाहेर पडणं अवघड होणार, ते लक्षात ठेवूनच जागा आणि वेळ ठरवा.

जागेचं म्हणाल तर मुंबईला सारखं जावं लागणार असेल तर नाशिकरोड, जेलरोड, देवळाली कॅम्प, स्टेशन जवळ. गाडीने जाणार असाल तर इंदिरानगर, पाथर्डी फाटा, हायवेला लगेच लागता येतं. अंबड-सातपूरला नोकरी असेल तर सिडको किंवा त्याच बाजूला. गंगापूर रोड, कॉलेज रोड सुंदर आहे पण महाग. म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव अजून मोकळं आहे, डोंगर जवळ, पण पाणी आणि बस आधी तपासा. आणि लगेच विकत घेऊ नका, डोंबिवलीची जागा विकून तर अजिबात नको, भाड्याने राहा, एक अख्खा मे महिना आणि एक अख्खा ऑगस्ट महिना इथे काढा, बायकोला किंवा नवऱ्याला काम मिळतंय का बघा, मुलांना शाळा रुचते का बघा.

वहिनीचा एक इंटरव्ह्यू पुढच्या आठवड्यात अंबडला आहे. दोघं आमच्याकडेच उतरतायत, तेव्हा जेलरोड आणि इंदिरानगरच्या भाड्याच्या जागा दाखवणार आहे, आणि दुपारी दोनच्या उन्हात दाखवणार आहे, संध्याकाळी नाही, म्हणजे सगळं जसं आहे तसं दिसेल.